कोकणात हौसेची फोर-बाय-फोर पिकअप: आधी खार धुवा, मग सामान चढवा

पिकअप ट्रक म्हणजे मासळीच्या पाट्या नाहीतर आंब्याच्या पेट्या, हे समीकरण कोकणात आता राहिलेलं नाही. आधी टाटाची झेनॉन आणि महिंद्राची गेटअवे, मग २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस, २०२२ पासून टोयोटाची हायलक्स, अशा गाड्या हौसेसाठी घेणारी माणसं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत भेटतात. गाडी दारात आली की पहिले पैसे जातात जाडजूड बंपर, टपावरचे दिवे आणि छताच्या तंबूवर. माझं मत नेमकं उलट आहे. खलाटीत, म्हणजे किनारपट्टीला, राहणाऱ्याने पहिला एक पावसाळा गाडीला काहीही लावू नये. धुवावं, खालून बघावं, कुठे पाणी साचतं ते शिकावं. इथे गाडी डोंगर चढून दमत नाही, ती खाऱ्या हवेने आतून संपते. नंतर लावलेली प्रत्येक वस्तू म्हणजे एक नवं भोक, एक नवा सांधा आणि पाणी अडकायची एक नवी जागा.

कागद आणि वजनकाटा

आरसी बुकात नोंदणी खासगी आहे की मालवाहू, ते आधी बघा. मालवाहू असेल तर फिटनेस प्रमाणपत्र वेळच्या वेळी लागतं. नोंदणी कुठलीही असो, हौद्यात माणसं बसवून फिरायचं नाही. गणपतीत सगळं गाव हौद्यात चढतं हे खरं, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत बदल करायला परवानगी लागते. बुलबारवर, म्हणजे पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर, तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी घालायचे आदेश काढले. हौद्यावर पक्कं टप बसवायचं असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आता वजन. चार मोठी माणसं २८० किलो, फायबरचं टप ७०, छताचा तंबू ६०, साठ लिटर पाणी म्हणजे ६०, भरलेला फ्रिज ३५, बॅटरी आणि तिची पेटी २५, जॅक-दोर-हत्यारं ४०. झाले ५७० किलो, आणि यात लोखंडी बंपर नाही की रुतलेली गाडी ओढायची विंच नाही. कित्येक हौशी पिकअपची कागदावरची क्षमता याच्या अलीकडेच संपते. म्हणून पूर्ण टाकी, सगळं सामान आणि सगळी माणसं घेऊन एकदा वजनकाट्यावर जा. चिरेखाणीच्या वाटेवर किंवा एमआयडीसीजवळ काटा सापडतोच. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या धुरेचं घ्या. पहिला आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि दुसरा धुरेच्या मर्यादेशी ताडून बघा. जास्त भरलं तर स्प्रिंगचे पाटे वाढवून प्रश्न सुटत नाही. पाटे बसतात, पण ब्रेक, बेअरिंग आणि धुरा जुनेच राहतात.

धुणं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैसे इथेच वाचतात.

किनाऱ्यावर, जेट्टीवर किंवा खाजणाच्या रस्त्यावर गाडी गेली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ती खालून धुवायची. वरची चकाकी नंतर बघू. पाणी गोडं आहे ना, हे आधी चाखून बघा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि तेच पाणी वॉशिंग सेंटरच्या टाकीत असतं. मचूळ पाण्याने चेसी धुणं म्हणजे पैसे देऊन मीठ लावून घेणं. अशा वेळी चार किलोमीटर आत, वलाटीकडे जाऊन धुतलेलं बरं.

जोराच्या फवाऱ्यापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचं. बागेला पाणी घालायचं फिरतं कारंजं गाडीखाली ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी थोडं पुढे सरकवा. चेसीची पोकळ पट्टी, डिझेल टाकीची वरची बाजू, केबिन आणि हौद्यामधली फट, पाट्यांच्या मधल्या जागा, ब्रेकच्या नळ्या जिथे क्लिपांनी धरल्या आहेत तिथे, आणि फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराची, खालची दुमड या जागी मीठ बसतं. चेसीला खालून भोकं असतात, ती पाणी निघायची वाट. लाल माती बसून ती बुजतात. जाड तार घेऊन एकेक मोकळं करा. पहिल्यांदा कराल तेव्हा आतून लाल चिखलाचं पाणी धार लावून पडेल, ते स्वच्छ येईपर्यंत पाइप सोडायचा नाही.

जोराचा फवारा बेअरिंग, ऑइल सील, वायरचे जोड आणि हाउसिंगच्या (धुरेवरच्या गिअरपेटीच्या) ब्रीदरवर, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकावर, रोखून मारू नका. मीठ बाहेर काढण्याऐवजी तुम्ही ते आत ढकलता. रेडिएटर आणि एसीच्या जाळीवरही हलकाच पाइप धरा, तिथली पत्र्याची पातळ पानं दाबाने वाकतात. धुऊन झालं की गाडी लगेच उभी करू नका. दोन-तीन किलोमीटर चालवा आणि हलके ब्रेक मारत डिस्क-ड्रम सुकवा. नाहीतर सकाळी हँडब्रेक धरून बसतो.

स्टेपनी बहुतेक पिकअपमध्ये हौद्याखाली लटकलेली असते. ती दोन-तीन महिन्यांनी एकदा खाली सोडा. तिच्या वरच्या बाजूला मातीचा थर असतो आणि ती धरणारी तारेची दोरी गंजाने फुगलेली असते. पंक्चर झाल्यावर, पावसात, आंबा घाटात ही दोरी सुटत नाही असं कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. दोरी पुसून तिला ग्रीस लावा आणि फिरकी पूर्ण खाली-वर करून बघा.

हौद्यात सुटा प्लॅस्टिकचा लायनर असेल तर तो मिरगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर उचला. त्याच्याखाली वाळू आणि खारं पाणी अडकतं, गाडी हलली की लायनर घासतो आणि रंग जातो. माझ्या मते इथे फवाऱ्याने मारलेला जाड थरच बरा. त्यातही मासळीची पाटी ‘एकदाच’ न्यायची विनंती आली तर खाली बंद टब ठेवल्याशिवाय हो म्हणू नका. बर्फाचं खारट पाणी फाळक्याच्या सांध्यात उतरलं की दोन पावसाळ्यांत पत्र्याला फोड येतात.

गंज दिसला तर

खालून काळं डांबरी कोटिंग मारून देणारे जागोजागी आहेत. नव्या, कोरड्या, स्वच्छ चेसीवर ते चालतं. पण गंजावर मारलं तर वरून काळंभोर दिसतं आणि आत ओल कोंडून पत्रा खात राहते. आधी तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, उरलेला गंज मारणारं रसायन लावून ते पूर्ण सुकू द्या, मग झिंक फॉस्फेट प्रायमर आणि त्यावर रंग. पोकळ पट्टीच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे लांब नळीने मेणासारखा पाझरणारा थर फवारतात. तो दर वर्षी पुन्हा मारावा लागतो, पण चिरा पडून आत पाणी धरत नाही. हे काम एप्रिलमध्ये करा. पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजात गर्दी असते आणि हवेतल्या ओलीने लोखंड सुकतही नाही.

जळकं इंजिन ऑइल चेसीला चोपडायची जुनी पद्धत अजून आहे. गंज काहीसा थांबतो हे मान्य, पण त्यात रबरी बुश फुगतात, ब्रेकवर थेंब गेला तर पंचाईत होते आणि अंगणातलं तेल शेवटी विहिरीकडे जातं. करू नका.

तेलं, हाउसिंग आणि ब्रेक

पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी काढली की बरेच जण इंजिनात पाणी गेलं का एवढंच बघतात. खरी चोरी मागच्या हाउसिंगमध्ये होते. घाट चढून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर मातीने बुजला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबा. ब्रीदरला नळी जोडून ती हौद्याच्या उंचीपर्यंत वर घ्या. या सगळ्या लेखात सर्वांत कमी पैशात होणारं आणि सर्वांत उपयोगाचं काम हेच. पाण्यातून आल्यावर आठवड्याभरात हाउसिंगचा वरचा बोल्ट सोडून बोट घालून बघा. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर त्याच दिवशी बदला. तेलाचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेत असतो, बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं. फोर-बाय-फोरमध्ये चारही चाकांना ताकद पोचवणारी ट्रान्सफर केस आणि पुढचं हाउसिंगही असंच तपासा, त्यांचं तेल मात्र पुस्तिका सांगते तेच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि इथे ओलीला तोटा नाही. ओल गेली की ते कमी तापमानाला उकळतं, आणि कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना पेडल भुसभुशीत लागतं. दोन वर्षांनी ते बदलाच. मागे ड्रम ब्रेक असतील तर दर पावसाळ्यानंतर उघडून आतली माती काढा आणि हँडब्रेकची केबल सैल चालते का बघा. घाटात चढताना जो गिअर लागला असता, उतरताना तोच ठेवा. भरलेल्या गाडीला एवढा एक नियम पुरेसा आहे.

पाट्यांचे यू-बोल्ट वर्षातून एकदा पान्याने तपासा, नवे पाटे बसवले असतील तर हजार किलोमीटरच्या आतच. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरायचं निपल असेल तर पाण्यातून आल्यावर ग्रीस मारा, जुनं मळकं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. फोर-बाय-फोर महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर लावून दोन-चार किलोमीटर चालवा, नाहीतर हवी तेव्हा ती लागत नाही. मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर मात्र ती लावायची नाही.

डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायची चावी कुठे आहे ते पुस्तिकेत शोधा आणि पावसाळ्यात महिन्याला सोडून बघा. एअर फिल्टर एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या धुळीने भरतो. हवा मारायची तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. बीएस-६ गाड्यांत काजळी जाळायची प्रक्रिया चालू असताना सायलेन्सर प्रचंड तापतो. तेव्हा गाडी पेंढ्यावर, वाळक्या गवतावर किंवा पातेऱ्यात उभी करू नका.

टायर आणि रिकामा हौदा

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. ओल्या जांभ्यावर आणि पहिल्या पावसात तेलकट झालेल्या महामार्गावर ती मागून सरकते. उपाय गोणी टाकण्याचा नाही, हवेचा आहे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. सामान उतरवल्यावर हवा कमी करायला विसरतात ते आपण सगळेच. टायर निवडताना खोल नक्षीपेक्षा भार-निर्देशांक मूळ टायरएवढा आहे का ते बघा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. हौसेच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, उन्हाने तडकतात, तेव्हा नुसती नक्षी बघून समाधान मानू नका.

टायर रुंद घेताना गावच्या वाटा आठवा. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे एक बैलगाडी जाईल एवढी जागा. चार बोटं बाहेर आलेला टायर आधी गडग्याचा चिरा घासतो आणि मग शेजाऱ्याशी संबंध बिघडवतो.

वीज

एवढं झाल्यावर सामानाकडे या. फ्रिज, पंखा, दिवे हवे असतील तर दुसरी बॅटरी घ्या, स्टार्टरच्या बॅटरीवर काही जोडू नका.

हिशोब असा. चाळीस लिटरच्या बारा व्होल्ट फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो. मे महिन्यात तो निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ६०० ते ६५० वॉट-तास. पंखा, दिवे, फोन धरून ८५० च्या आसपास. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते, म्हणजे दीड दिवस. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरता येते, त्यात एक दिवसही निघत नाही. लिथियम बॅटरी बॉनेटखाली ठेवू नका, तिथला ताप तिला मारतो. जागा हौद्यात, केबिनच्या पाठीला, जमिनीपासून थोडी उचलून.

इंजिनाकडून तिच्यापर्यंत वायर साधारण पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. इंजिन चालू असताना ही बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावलात आणि ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढलीत तर वाटेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट जातो. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.३५ च्या आसपास. इलेक्ट्रिशियन ‘एवढी जाड कशाला’ म्हणेल, ऐकू नका. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर, दोन्ही बॅटऱ्यांना वेगळा. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींना वापरतात तशी. साध्या तांब्याला इथे वर्षभरात आवरणाच्या आतून हिरवं चढतं आणि बाहेरून काही कळत नाही. प्रत्येक जोडावर आतून डिंक असलेली नळी तापवून बसवा.

सौर पॅनल ऑक्टोबर ते मे छान चालतं. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. टपावरच्या दिव्यांचंही तसंच: आंबोलीच्या धुक्यात ते डोळ्यांवरच परततात, तिथे बंपरच्या उंचीचे पिवळे दिवे कामाचे. शिवाय समोरच्याला आंधळं करणारे दिवे रस्त्यावर लावणं हा गुन्हाही आहे.

चूल, पाणी, झोप

गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो. म्हणून छोटा सिलेंडर केबिनमध्ये नाही, हौद्यात, उभा बांधलेला, आणि त्याच्या पेटीला तळाशी बाहेर उघडणारं भोक. स्वयंपाक फाळका पाडून त्यावर करा, टपाच्या आत नाही.

छताचा तंबू घेणाऱ्यांना एकच सांगणं: इथे थंडी अडवायची नसते, वारा घ्यायचा असतो. चारही बाजूंना जाळी असलेला घ्या. ओला मिटलेला तंबू दोन दिवसांत बुरशी धरतो, घरी आल्यावर तो पुन्हा उघडून सुकवायचाच. ॲल्युमिनियमचा रॅक आणि लोखंडी चेसी यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर टाका, नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना खातात.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुक्काम असेल तर गाडीखाली हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप भरपूर आहे आणि ते दगडाच्याच रंगाचं असतं.

फेरी आणि वाळू

दाभोळ-धोपावे, वेशवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेऱ्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास सुरेख होतो. ओहोटीला फेरीचा उतार तीव्र होतो, तेव्हा मागे बाहेर आलेला टो-हुक आपटतो. एका माणसाला उतरवून बाजूने बघायला लावा. रॅम्पवर शेवाळ असतं, तिथे ब्रेक दाबत उतरू नका, पहिल्या गिअरवर सोडा. बोटीवर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावायचा आणि संध्याकाळी खालून धुवायचं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नका. पोलीस कारवाई करतात हे एक. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, ती वाळूखाली असतात आणि वरून दिसत नाहीत. शिवाय भरतीची वेळ चुकली की ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. जिथे कच्ची वाळूची वाट गावाचीच आहे तिथे हवा १६ ते १८ पीएसआयवर आणा, हळू चाला, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, आणि डांबर लागण्याआधी कॉम्प्रेसरने हवा परत भरा.

रुतलात तर चाक फिरवत राहू नका, प्रत्येक फेऱ्याला गाडी खोल जाते. चाकापुढची वाळू फावड्याने उतार करून काढा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या नसतील तर सुक्या झावळ्या चाकाखाली सरकवा. ओढून काढायची वेळ आली तर दोर चेसीच्या ठरवलेल्या हुकालाच. टो-बॉलला, पाट्याला किंवा बंपरला कधीच नाही. ताणलेला दोर सुटला तर त्याच्या टोकाचं लोखंड माणूस मारू शकतं. दोराच्या मधोमध एक ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट अंतरावर पाठवा. लोक ऐकणार नाहीत, पण ऐकेपर्यंत ओढायचं नाही.

साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असो, थांबा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीचा पूलच गेला होता. आणि पुरात बुडालेली गाडी, जशा २०२१ च्या जुलैत चिपळूणला शेकड्यांनी बुडाल्या, चावी फिरवून ‘चालते का’ बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या.

पावसाळ्यात उभी ठेवताना

वर छप्पर, बाजू मोकळ्या, पश्चिमेला झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा. अंगाला चिकटणारी ताडपत्री टाकू नका, तिच्याखाली ओल कोंडते. माडाखाली तर नकोच, कारण सांगायला नको. टाकी भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी आणि पाणी कमी साचतं. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिरा लावा. टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरा. पंधरा दिवसांनी नुसती चालू करून बंद करू नका, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर सायलेन्सरमध्ये पाणी आणि फिल्टरमध्ये काजळी तेवढी वाढते. बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते प्रत्येक वेळी बघा. भात घरात आलं की त्यांचा मुक्काम गाडीतून हलतो, तोवर सीटखाली खाण्याचा एक दाणाही राहू देऊ नका.